ठाण्यात गाडी आधी आली, कारखाने शंभर वर्षांनी. असं का?

कळव्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरुवातीच्या औद्योगिकीकरणात रेल्वे-रस्ते आले की त्या भागाची भरभराट होते, असं वर्गात शिकवतात. मग देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ला ठाण्यात येऊनसुद्धा इथे वागळे इस्टेट ही कारखान्यांची वसाहत उभी राहायला १९६०चं दशक का उजाडावं लागलं? दुसरं म्हणजे, उरण तालुक्यात जासईजवळ आमची वडिलोपार्जित अकरा गुंठे जमीन आहे. अटल सेतू झाला, विमानतळ झालं, आता उरणचं सोनं होणार असं घरी सगळे म्हणतात. कितपत धरून चालायचं?"

हे दोन प्रश्न दिसतात, पण खरं तर एकच आहे. मी मालवाहतुकीच्या नियोजनात एकतीस वर्षं काढली. त्यात खुर्चीतलं काम कमी आणि नाक्यावर उभं राहून ट्रक मोजणं जास्त. त्यामुळे हे इतिहासाच्या प्राध्यापकाचं उत्तर नाही, धंद्यातल्या माणसाचं आहे. परीक्षेत लिहिणार असाल तर जपून लिहा.

आधी प्रश्नाची मांडणी बदलू. "वाहतूक आली की विकास होतो का?" या प्रश्नाला हो म्हणा, उदाहरणं सापडतील, नाही म्हणा, तरी सापडतील. तुमच्या घराच्या गच्चीवरून दोन्ही दिसतात. खाडीच्या ठाण्याकडच्या काठावर गाडी १८५३च्या १६ एप्रिलला आली आणि कारखान्यांची मोठी वसाहत एकशेदहा वर्षांनी. पलीकडच्या काठावर नेमकं उलटं. ठाणे–बेलापूर रस्त्यावर रसायनांचे कारखाने १९६०च्या दशकात उभे राहिले, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ला झाला, आणि ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे लोकल धावली ती २००४ला. एका काठाला रूळ होते, धुराडी नव्हती. दुसऱ्या काठाला धुराडी होती आणि कामगार बसला लोंबकळत जात होते. तेव्हा "रेल्वे आली का?" एवढं विचारून काही हाती लागत नाही. मी दोन गोष्टी विचारतो: गाडी कुठे थांबते, आणि परत येताना काय आणते?

दुसरा प्रश्न मला एका ड्रायव्हरने शिकवला. १९९०च्या दशकात कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ आमची रात्रीची गणती चालू होती. फॉर्मात रकाने ठरलेले: माल कुठला, कुठून कुठे, वजन किती. पहाटे तीनच्या सुमाराला साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात धरून आमचा फॉर्म वाचत बसला आणि म्हणाला, "साहेब, नेतो काय ते विचारताय. माझं पोट चालतं ते येताना काय मिळतं त्याच्यावर." दुसऱ्या रात्रीपासून आम्ही एक रकाना वाढवला. त्या एका रकान्याने अख्ख्या अहवालाची दिशा बदलली. गाडी रिकामी परतणार असेल तर जातानाच्या भाड्यात दोन्ही फेऱ्यांचं डिझेल धरावं लागतं. आणि ज्या गावाहून गाड्या रिकाम्या परततात त्या गावाला खरं तर माल बाहेर धाडायला स्वस्त भाडं मिळू शकतं. पण धाडायला काही असेल तर ना! ते नसेल तर रस्ता त्या गावाला फक्त गिऱ्हाईक बनवतो.

आता हा रकाना घेऊन १८५३च्या आधी जाऊ. वऱ्हाडचा कापूस, देशावरचं धान्य बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे किनाऱ्याकडे उतरायचे आणि परतताना मीठ न्यायचे. ठाणे, भाईंदर, उरणची मिठागरं त्या परतीच्या भाड्यावर जगत होती म्हटलं तरी चालेल. व्यवस्था महाग होती आणि संथ होती, पण दोन्ही बाजूंना कामधंदा देणारी होती. बोरघाटातून गाडीरस्ता १८३०ला झाला, बैलाच्या पाठीवरचं ओझं बैलगाडीत आलं, तरी रीत तीच राहिली.

रेल्वेने ही रीत मोडली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ठाण्यासाठी बांधलीच नव्हती. ठाणं हे वाटेवरचं पहिलं मुक्कामाचं ठिकाण होतं इतकंच. पहिली गाडी ठाण्याला पोचली त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिल १८५३ला, गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेबद्दलचं आपलं टिपण लिहिलं. त्यात फौजा हलवण्याची सोय आहे आणि इंग्लंडला हव्या असलेल्या कापसाची सोय आहे. १८५४ला खाडी ओलांडून कल्याण, १८६३ला बोरघाट, १८६५ला थळघाट, १८६७ला नागपूर: रूळ कुठल्या वासाने चालले होते ते नकाशावर स्पष्ट दिसतं. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. तो पैसा ठाण्यावरून धडधडत गेला, ठाण्यात उतरला नाही.

परतीच्या डब्यांत काय होतं? मँचेस्टरचं कापड, लोखंडी सामान, पुढे रॉकेल. मीठही होतं, पण आता ते लमाणांच्या बैलावर नव्हतं. त्यातच भाड्याचे दर असे लावले की आतल्या भागातून बंदराकडे आणि बंदराकडून आत माल नेणं स्वस्त, आणि आतल्या एका गावाहून आतल्याच दुसऱ्या गावाला नेणं तुलनेने महाग. हा आरोप नुसता राष्ट्रवादी भाषणांतला नाही. १९१६–१८च्या औद्योगिक आयोगापुढे हा मुद्दा आला, आणि मदनमोहन मालवीयांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत सरकारच्या एकूण धोरणावर सडकून लिहिलं. माझ्या अनुभवात रस्त्याच्या रुंदीपेक्षा दरपत्रक जास्त बोलतं. कुणाही नियोजकाने आधी दरपत्रक मागावं, नकाशा नंतर.

आणखी एक फरक लक्षात घ्या, कारण तुमच्या अभ्यासक्रमात इंग्लंड नक्की असणार. १७६१ला ब्रिजवॉटरचा कालवा झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाची किंमत सुमारे निम्म्यावर आली. तिथे कालव्याच्या एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला भट्टी, आणि पैसा घालणारा खाणीचाच मालक. पुढे रेल्वे बांधली तेव्हा रूळ, इंजिन, पूल, सगळं तिथल्याच भट्ट्यांत ओतलं गेलं. रेल्वे चालू होण्याआधीच रेल्वे बांधण्याने उद्योग वाढला. आपल्याकडे इंजिनं आली जहाजातून, रूळ आले जहाजातून, आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली. कमी पडेल ते इथल्या महसुलातून भरायचं. हमी असली की कंत्राटावर कोण हात आखडता घेतो? बोरघाटात हजारो मजूर राबले, त्यातले कितीतरी तापाने, पटकीने गेले. पण घाट बांधून झाल्यावर त्या कामातून घाटाच्या पायथ्याशी एखादा ओतकामाचा धंदा उभा राहिला, असं झालं नाही. शिकून तयार झाले ते मुंबईतल्या रेल्वेच्या कारखान्यांत दुरुस्ती करणारे लोहार-सुतार. तेवढीच जमेची बाजू.

असं असलं तरी "रेल्वे म्हणजे लूट" एवढं लिहून पेपर संपवू नका. अर्थशास्त्रज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिशकालीन जिल्ह्यांचे आकडे तपासले, तेव्हा रेल्वे पोचलेल्या जिल्ह्याचं शेतीतलं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. मला यात नवल वाटत नाही. त्यामागचं एक कारण पुस्तकात दोन ओळींत उरकतात, मी जरा रेंगाळतो.

आपल्याकडे आगोट नावाची गोष्ट आहे. तुमच्या आजीला विचारा. पाऊस लागायच्या आधी चार महिन्यांची बेगमी करायची: भात, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा. ही घरातली आगोट झाली. व्यापाऱ्याचीही आगोट असायची. जूनमध्ये घाट चिखलाने बंद, गलबतं किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. म्हणजे मे संपायच्या आत चार महिन्यांचा माल विकत घेऊन वखारीत रचायचा. त्यासाठी सावकाराचं कर्ज, कर्जावर व्याज, वर उंदीर, ओल आणि भावाचा धोका. रेल्वेने वेळ वाचवला असं आपण म्हणतो, पण माझ्या मते तिने त्याहून मोठी गोष्ट केली: वखारीत अडकलेला पैसा सोडवला. जुलैतही गाडी येणार हे ठाऊक असलं की मेमध्ये चार महिन्यांचा माल कोण भरून ठेवेल? तोच पैसा वर्षात तीनदा फिरू लागतो. वागळे इस्टेटमधला एक छोटा कारखानदार मला एकदा म्हणाला होता, "ट्रक चार तासांत येवो की दहा तासांत, मला फरक पडत नाही. पण दहा म्हटलं की दहा." वेगापेक्षा भरवसा. १८६३ काय आणि आज काय, कारखान्याचं गणित यावरच बसतं.

मग ठाण्याला यातलं काही का मिळालं नाही? उत्तर चमत्कारिक वाटेल: ठाणं फार जवळ होतं. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर. मालाच्या रेल्वेभाड्यात नुसतं अंतर नसतं. बैलगाडीतून मालधक्क्यावर, मालधक्क्यावरून डब्यात, पलीकडे डब्यातून खाली, पुन्हा बैलगाडीत. हमाली चार वेळा. लांबच्या पल्ल्यात ही हमाली अंतरावर वाटली जाते, ३४ किलोमीटरमध्ये ती भाड्याच्या डोक्यावर बसते. ठाण्याजवळ तर खाडी होती. मीठ, तांदूळ, दगड, रेती, लाकूड भरतीच्या पाण्याबरोबर पडावातून सरळ मुंबईच्या धक्क्याला लागत होतं. अशा मालाला रेल्वेने स्वस्ताई दिली नाही, कारण खाडी आधीच स्वस्त होती. ठाण्यात रेल्वेने स्वस्त केली ती माणसाची ये-जा. त्यामुळे ठाण्याच्या वाट्याला कारखाना न येता कारकून आला. मुंबईत कचेरी, नौपाड्यात बिऱ्हाड. ठाण्याच्या मध्यमवर्गाचा अर्धा इतिहास या एका वाक्यात बसतो. (मीही त्यातलाच. आमच्या घरात तीन पिढ्यांचे रेल्वेचे पास आहेत.)

आता माझा पहिला प्रश्न, गाडी कुठे थांबते. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण पनवेल. रेल्वेच्या आधी पुण्याहून मुंबईला यायचं म्हणजे बोरघाट उतरून पनवेल, आणि तिथून होडीने मुंबई. पनवेलला माल गाडीतून उतरायचा आणि होडीत चढायचा. हे चढणं-उतरणं म्हणजेच गावाचा धंदा: हमाल, तोलणारे, अडत्ये, वखारी, धर्मशाळा, बैलांचा चारा. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून काय नोंदलंय माहीत आहे? गाडीची चाकं. देशावरून येणारी प्रत्येक गाडी परत जाताना निदान एक जोडी चाकं घेऊन जाते, असं तिथे म्हटलंय. बघा, घाट उतरून झिजलेली चाकं, आसपासच्या जंगलातलं लाकूड, आणि गाडीवान रात्रभर थांबलेला. तिन्ही एकत्र आल्यावर उद्योग झाला. कुणी अनुदान दिलं नव्हतं. आगगाडीचा माल मात्र पनवेलला वळसा घालून कल्याणवरून सरळ मुंबईत जाऊ लागला, आणि पनवेलच्या बंदराचं महत्त्व उतरणीला लागलं. वाटेतला अडथळा दूर होणं ही सगळ्यांसाठी चांगली बातमी असते, फक्त त्या अडथळ्यावर पोट भरणाऱ्या गावासाठी नसते.

याच न्यायाने मुंबई वाढली. कापसाची गाडी तिथे संपत होती आणि जहाज तिथून सुरू होत होतं. मधे गासड्या उतरवायच्या, फोडून नमुना बघायचा, प्रत लावायची, सौदा करायचा, विमा काढायचा, पुन्हा दाबून जहाजात भरायचं. ज्या माणसाच्या हातातून वर्षानुवर्षं कापूस जातो त्याला एक दिवस वाटतंच की हा विकण्यापेक्षा आपणच कातला तर? कावसजी दावर यांनी १८५४ला कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवची गिरणी सुरू झाली. यंत्रं लँकेशायरहून बोटीने बंदरात, कोळसा बोटीने बंदरात, कामगार कोकणातून, सूत चीनला. या यादीत अशी एकही गोष्ट नाही जिच्यासाठी मालकाने ठाण्याला यावं. शेअर दलाल आणि पेढीही फोर्टातच.

रेल्वेने आतल्या भागात उद्योग होऊच दिला नाही, असंही मात्र नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नाही, नागपुरात. कापूस दाराशी, कोळसा फार दूर नाही, आणि गिऱ्हाईक आसपासच. इंग्रजांनी कापूस न्यायला टाकलेल्या रुळांचा उपयोग या माणसाने यंत्रं आत आणायला केला. रूळ तेच, विचार वेगळा. तुमच्या निबंधात एकच उदाहरण घ्यायचं झालं तर हे घ्या: रस्ता कुणाच्या हेतूने बांधला यापेक्षा तो कुणाच्या भांडवलाने आणि कुठल्या वेळी वापरला, हे शेवटी महत्त्वाचं ठरतं. पण त्यासाठी टाटांसारखं भांडवल आणि धीर लागतो. वऱ्हाडातल्या बाकीच्या कापूसगावांना जिनिंग-प्रेसिंग मिळालं, कारण गासडी दाबली की डब्यात जास्त मावते. म्हणजे रेल्वेला सोयीचा तेवढाच उद्योग. कातणं-विणणं फारसं वाढलं नाही, आणि हातमागावरचे कित्येक लोक स्वस्त आयात कापडापुढे टिकले नाहीत.

ठाण्याकडे परत येतो. काय बदललं? चार-पाच गोष्टी एकामागून एक. १९१५ला खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कोळशासाठी बंदराला चिकटून राहण्याची सक्ती सैल झाली. तार कुठेही नेता येते. मग पाणी. शहाड-मोहन्याचे रेयॉनचे कारखाने स्टेशनाला बघून आले नाहीत, उल्हास नदीला बघून आले. रेयॉनला पाणी प्रचंड लागतं. विनोद असा की तानसाचं पाणी १८९०च्या दशकापासून ठाणे जिल्ह्यातूनच नळाने मुंबईला जात होतं आणि ठाणेकर ते नळ बघत होते. मग ट्रक. ट्रकला मालधक्का लागत नाही. तो कारखान्याच्या दारातून गिऱ्हाइकाच्या दारात जातो, हमाली चारऐवजी दोन वेळा. ३४ किलोमीटरच्या पल्ल्यावर जे रेल्वेला कधी जमलं नसतं ते ट्रकने आग्रा रोडवर सहज केलं. त्याच सुमाराला मुंबई बेटावर जागा महाग आणि नवीन कारखान्यांना मनाई वाढत चाललेली. शेवटी १९६२ला एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाली आणि आखलेला भूखंड, रस्ता, पाणी, वीज एका अर्जावर मिळू लागलं. वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तेव्हा कुठे १८५३ची रेल्वे कामाला आली, तीही कामगार आणायला.

एवढ्यावरून इतकं म्हणता येईल: वाहतुकीने आधीपासून असलेला फरक वापरणं स्वस्त होतं. कापूस इथे आणि चाती तिकडे असतील, तर कापूस तिकडे जाईल. जागा इथे स्वस्त आणि मुंबईत महाग झाली, तर कारखाना इकडे येईल. तोच रस्ता, शंभर वर्षांच्या अंतराने, उलट्या दिशेने काम करतो. म्हणून रस्ता पुरेसा नसतो. कधी कधी तो आधी लागतही नाही. वाडा तालुक्याला विक्रीकराच्या सवलती होत्या तेव्हा खड्ड्यांच्या रस्त्यावरूनही कारखाने गेले. मुंबईची जकात २०१७पर्यंत होती, तोवर तिच्या हद्दीबाहेर भिवंडीच्या ग्रामपंचायतींत गोदामांची रांग लागली. तिथे मुलुंडचा जकात नाका जितका कारणीभूत तितका महामार्ग नाही.

आता उरण. इथे मी तुमच्या घरच्यांना नाराज करणार आहे, पण थोडाच.

उरणजवळचं जेएनपीटी बंदर १९८९ला सुरू झालं तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना वाटलं की मुंबई बंदराने जे मुंबईचं केलं तेच हे बंदर उरणचं करेल. मीही त्यातला होतो. एक गोष्ट नजरेतून सुटली. जुन्या बंदरात गासडी फुटायची. कंटेनरचा शोधच मुळी तो वाटेत फुटू नये म्हणून लागला आहे. लुधियानात सील लागलेला डबा उरणला बोटीवर चढतो आणि थेट परदेशात उघडतो. त्याच्या आत काय आहे हे जासईच्या माणसाला कळायचं कारणच नाही. म्हणजे देशातलं एक सर्वांत मोठं कंटेनर बंदर दाराशी असून गावाला दिसतो तो ट्रकचा धूर, रात्रीची कोंडी आणि रस्त्याकडेला उभ्या ट्रेलरांची रांग. १८५३च्या ठाण्यासारखंच: संपत्ती समोरून जाते, उतरत नाही.

पण सगळेच डबे बंद जात नाहीत, आणि तुमची आशा तिथे आहे. कंटेनर फ्रेट स्टेशनात काही डबे उघडतात: कस्टम तपासणी, अनेक लहान व्यापाऱ्यांचा माल एका डब्यात भरणं, आलेला माल फोडून वाटणं. डबा उघडला की हमाल लागतो, पॅकिंग लागतं, लेबल लागतं, शीतगृह लागतं, यंत्राची दुरुस्ती लागते. पनवेलच्या चाकांचीच गोष्ट आहे. द्रोणागिरी–जासई–चिरले पट्ट्यात येत्या दहा वर्षांत डबे उघडणाऱ्या जागा वाढतात की नुसते डबे रचून ठेवायचे यार्ड वाढतात, हे बघा. एक एकर यार्डाला माणसं लागतात बोटांवर मोजण्याइतकी. एक एकर पॅकिंगच्या शेडला कितीतरी पट जास्त. दोन्हीला लोक "लॉजिस्टिक" म्हणतात आणि जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात.

अटल सेतूबद्दल थोडं. तो २१.८ किलोमीटरचा आहे, जानेवारी २०२४ला खुला झाला, आणि उरणकडच्या बाजूला त्याला उतरायच्या जागा मोजक्याच, त्यांत शिवाजीनगर आणि चिरले. रूळ असो की पूल, त्याचा फायदा उतरायच्या जागेभोवती साचतो, पुलाखालच्या गावाला सावली मिळते. चिरले तुमच्या जमिनीपासून जवळ आहे हे चांगलंच. पण पुलावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी आहे आणि टोल आहे. उरणचा जो मुलगा मोटरसायकलवर कामाला जातो त्याच्यासाठी हा पूल आजही नाही. त्याच्यासाठी त्याच दिवशी उरणपर्यंत सुरू झालेली लोकल महत्त्वाची, जिचं फोटोत नाव कमी आलं. विमानतळाबद्दल इतक्यात काही बोलणं म्हणजे ज्योतिष. प्रवासी किती, यापेक्षा मालाचा धक्का किती चालतो हे बघत राहा, कारण विमानाने जाणारा माल, म्हणजे औषधं, फुलं, आंबा, सुटे भाग, हा बहुतेकदा शेवटच्या टप्प्यात जवळपास कुठेतरी हाताळावाच लागतो.

जमिनीच्या भावाचं मात्र वेगळं आहे. भाव विकासावर चालत नाही, विकासाच्या बातमीवर चालतो. तो कारखान्याच्या आधी पोचला तर कारखाना येतच नाही, कारण त्या भावात शेड बांधून परवडत नाही. तिथे इमारत येते. ठाण्यात पोखरण रोडला हेच झालं: आधी कारखाने आले, मग कामगार, मग दुकानं, मग भाव इतका चढला की कारखाना बंद करून टॉवर बांधणं मालकाला फायद्याचं. निदान तिथे मधे तीस-चाळीस वर्षं पगार तरी मिळाले. उरणला बातमीच आधी पोचली आहे, मधली ती वर्षं गाळली जायची भीती आहे. माझ्याही हातून एकदा असं झालंय. एका रुंद केलेल्या रस्त्यासाठी आमच्या गटाने अहवालात लिहिलं होतं की दुतर्फा लघुउद्योग येतील. दहा वर्षांनी त्या रस्त्याने गेलो तर लग्नाची लॉन, ढाबे आणि "प्लॉट विकणे आहे"च्या पाट्या. गाड्यांची संख्या मात्र आमच्या अंदाजापेक्षा जास्त होती. त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

तुमच्या अकरा गुंठ्यांचं काय करायचं ते मी इथून सांगणं बरोबर नाही. ती जमीन संपादनात आहे का, सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत (संपादित जमिनीच्या बदल्यात) मिळालेली आहे का, सातबाऱ्यावर किती नावं आहेत, घरात किती जणांना लगेच पैसा हवा आहे, यावर सगळं अवलंबून. तुमच्या भागात या प्रश्नांवर आंदोलनं झाली आहेत, माणसं गेली आहेत. बाहेरच्याने सल्ला देताना भान ठेवावं.

अभ्यासासाठी मात्र एक काम सांगतो, पुस्तकापेक्षा जास्त कळेल. पावसाळा सोडून एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी दोन मित्रांना घेऊन चिरले फाट्याला सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बसा. सोमवार-शनिवार नको, ते दिवस फसवतात. तीन रकाने करा: बंदराकडे भरलेली गेली, परत रिकामी आली, परत भरलेली आली. ट्रेलर रिकामा आहे की भरलेला हे टायरकडे आणि सस्पेन्शनकडे बघून ओळखू येतं, तासाभरात डोळा बसतो. रिकामा डबा असलेला ट्रेलर आणि डबाच नसलेला ट्रेलर यांची गफलत करू नका, पहिल्या दिवशी सगळे करतात. चौथा रकाना हवा असेल तर पाच किलोमीटरच्या आत थांबलेल्या गाड्यांचा करा, आणि ड्रायव्हरला चहा पाजून विचारा की इथे थांबून तो काय काय विकत घेतो. आकडे जमले की इथेच टाका. मी बघतो.